गुण आणि गुणांक : फ्रेंच वाईनच्या परीक्षणाचें परीक्षण

आमच्या मराठी भाषेंत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनीं वावरतो. वस्तूच्या अंगीं स्वभावतःच जो चांगुलपणा असतो तो एक गुण. आणि परीक्षक उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर तांबड्या शाईनें जो आंकडा लिहितो तोहि गुणच. पहिल्याचें वास्तव्य वस्तूंत, दुसऱ्याचें परीक्षकाच्या लेखणींत. दोहोंस एकच नांव देतांना भाषेनें जणूं असें गृहीत धरलें आहे कीं, दुसरा हा पहिल्याचें यथार्थ माप होय. ज्यांच्या आयुष्याचीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलीं त्या आमच्यासारख्यांस हें गृहीत निमूटपणें मान्य करणें जड जातें. साहित्याच्या प्रांतांत ह्या प्रश्नाचा निकाल लावणें कठीण. कारण तेथें ग्रंथ मोठे, मतें पुष्कळ, आणि आपपरभाव तर पावलोपावलीं आडवा येणारा. म्हणून अशा एखाद्या लहान प्रांतांत हा प्रश्न नेऊन पाहावा कीं, जेथें वस्तु एका बाटलींत मावणारी, तिचा भाव बाजारांत उघड लागलेला, आणि तिच्यावरील अभिप्राय पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलेले आहेत. फ्रान्समधील उत्तम तांबड्या वाईनचें परीक्षण व तिचा संग्रह हा तसा प्रांत आहे.

विषयाचें नांव वाचून कित्येक वाचकांच्या कपाळास आंठी पडेल. त्यांनीं धीर धरावा. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, आणि त्या मताशीं आमचें कांहीं भांडण नाहीं. आमचा विषय पेला हा नसून, पेल्याविषयीं झालेलें लेखन व दिलेले निर्णय हा आहे. शिवाय ज्या 'रस' शब्दावर आपलें सारें साहित्यशास्त्र उभें आहे तो मुळांत जिभेचाच शब्द. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भरतमुनींस रस म्हणजे काय हें समजावून देण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनींहि नाना व्यंजनांनीं सिद्ध झालेलें अन्न सेवन करणाऱ्या प्रसन्नचित्त पुरुषाचाच दृष्टांत घेतला. भरतमुनि जिभेकडून नाट्याकडे गेले. आम्ही त्याच वाटेनें थोडें मागें जाऊन पाहणार आहों, एवढेंच.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. बोर्दो हें नैर्ऋत्य फ्रान्समधील गारोन नदीच्या कांठचें बंदर आहे. शहराच्या खालच्या अंगास गारोन व दोर्दोन्य ह्या नद्या मिळून जिरोंद नांवाची रुंद खाडी बनते. तिच्या डाव्या तीरावर मेदोक हा खडीवाळूचा पट्टा आहे. जमीन अशी निकृष्ट कीं, तींत दुसरें पीक धड येऊं नये. परंतु पाणी झटकन निचरून जात असल्यामुळें काबर्ने सोव्हिन्यों जातीचें लहान, जाड सालीचें द्राक्ष तेथें उत्तम पिकतें. उजव्या बाजूस सेंत एमिलियों व पोमरोल येथें चिकणमाती व चुनखडी आहे, म्हणून तेथें मेर्लो ह्या लवकर पिकणाऱ्या, मऊ स्वभावाच्या द्राक्षाचें राज्य आहे. ह्या वाईनचा रंग गरांतून येत नाहीं, सालीतून येतो. साली व बिया रसाबरोबर आंबूं दिल्या म्हणजे रंगासमवेत टॅनिन नांवाचें द्रव्यहि उतरतें, आणि टॅनिन म्हणजे तुरटपणा. युरोपीय शास्त्र तुरट ही चव मानीत नाहीं, तोंडांतील त्वचेस होणारा एक प्रकारचा स्पर्श मानतें. आमच्या वैद्यकानें मात्र कषाय हा सहा रसांपैकीं एक म्हणून केव्हांच गणलेला आहे. कच्चें जांभूळ खाल्ल्यावर किंवा हिरडा तोंडांत धरल्यावर जीभ जशी आंखडते, तसा कोवळ्या बोर्दोचा अनुभव असतो.

हा तुरटपणा म्हणजे दोष नव्हे, ठेव आहे. २२५ लिटरांच्या ओक लांकडाच्या पिंपांत दीड-दोन वर्षें, आणि नंतर अंधाऱ्या, थंड तळघरांत आडव्या ठेवलेल्या बाटलींत दहा, वीस, क्वचित् पन्नास वर्षें काढल्यावर तो मऊ होत जातो. बाटलीच्या तळाशीं साका बसतो. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळाचा वास ओसरून त्याच्या जागीं वाळलेलीं पानें, चामडें, तंबाखू, देवदाराचें लांकूड अशा गंधांची आठवण देणारें कांहीं तरी उगवतें. पारखी मनुष्य ही वाईन मेणबत्तीच्या उजेडांत साका मागें ठेवून हलकेंच दुसऱ्या भांड्यांत ओततो. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून रंग पाहतो. पेला फिरवून वास घेतो. आणि मग लहानसा घोट तोंडांत घोळवून त्यांतून हवा ओढतो. जीभ मोजक्याच चवी ओळखते, बाकीचें सारें काम नाकाचें असतें. शास्त्रोक्त परीक्षणांत हा घोट गिळावयाचा नसून थुंकावयाचा असतो, हें ऐकून मघांशीं आंठी पडलेल्या वाचकांचें समाधान व्हावें.

आतां गुणनिर्णयाकडे वळूं. बोर्दोच्या इतिहासांत निर्णयाच्या तीन पद्धति एकामागून एक दिसतात, आणि त्या तिन्ही आमच्या साहित्यिक टीकेंतहि ओळखीच्या आहेत.

पहिली पद्धति बाजाराची. १८५५ सालीं तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दींत पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं बोर्दोच्या व्यापारी मंडळानें उत्तम वाईनची प्रतवार यादी मागविली, आणि तें काम केलें शहरांतील दलालांनीं. त्यांनीं पेले मांडून परीक्षा घेतली नाहीं. अनेक वर्षांचे भाव पाहिले आणि त्यांवरून तांबड्या वाईनच्या पांच प्रती ठरविल्या. पहिल्या प्रतींत चारच नांवें आलीं : लाफित, लातूर, मार्गो, आणि मेदोकच्या बाहेरचें ओ-ब्रियों. (ह्या लातूरचा आमच्या मराठवाड्यांतील लातूरशीं उच्चारापलीकडे कांहीं संबंध नाहीं.) आज ही यादी म्हणजे एखाद्या वेदवाक्यासारखी मानली जाते. तिच्या वरच्या प्रतींत मोठा फेरफार एकदांच झाला. बॅरन फिलिप द रोथशिल्ड ह्यानें अनेक दशकें खटपट केल्यावर १९७३ सालीं मूतों-रोथशिल्ड दुसऱ्या प्रतींतून पहिलींत आली.

भावावरून गुण ठरविणें ही गोष्ट सुसंस्कृत मनास प्रथमदर्शनीं हीन वाटते. पण आम्हांस ती तितकी हीन वाटत नाहीं. पिढ्यान् पिढ्या टिकलेला भाव हा हजारों जिभांचा संचित कौल असतो. थॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा वकील म्हणून फ्रान्समध्यें असतांना १७८७ सालीं बोर्दोस गेला होता. त्यानें अव्वल म्हणून टिपून ठेवलेलीं नांवें हींच चार आहेत. म्हणजे यादीच्या अडुसष्ट वर्षें आधींच कौल लागलेला होता. दोष निराळा आहे. दलालांनीं आपल्या काळचा भाव नोंदविला. पुढच्या लोकांनीं त्या भावाचा शिलालेख केला. यादींत जमिनीची प्रतवारी नाहीं, वाड्याच्या नांवाची आहे. मळ्याची जमीन विकली गेली, नवी घेतली गेली, मालक बदलले, तरी नांवाची प्रत तीच राहते. एकदां अभिजात ठरलेल्या ग्रंथकाराचें नवें पुस्तक न वाचतांच त्याची स्तुति करण्याची जी रीत आमच्याकडे आहे, ती ह्याच जातीची.

दुसरी पद्धति स्मृतीची. आणि तिचा सर्वोत्तम प्रतिनिधि योगायोगानें साहित्याचा प्राध्यापक आहे. जॉर्ज सेंट्सबरी हा १८९५ पासून १९१५ पर्यंत एडिंबरो येथें इंग्रजी साहित्य शिकवीत होता. युरोपांतील टीकाशास्त्राचा व साहित्यिक अभिरुचीचा त्रिखंडात्मक इतिहास लिहिणारा हा पंडित आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांस ग्रंथसूचींतून तरी परिचित होताच. ह्यानें १९२० सालीं, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असतांना, आपल्या तळघराच्या वहीवरून एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत दारूबंदी अंमलांत आली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या पुस्तकांतील लढाऊ सूर समजतो. त्यांत पदार्थविज्ञान नाहीं, गुणांक तर नाहींतच. कोणती वाईन, कोणत्या सालची, किती किंमतीची, कोणाबरोबर घेतली आणि ती कशी आठवते, एवढेंच आहे. रोन नदीकांठच्या एर्मिताज टेकडीची १८४६ सालची वाईन त्यानें ती चाळीस वर्षांची झाल्यावर घेतली, आणि तिच्या पौरुषाची वाखाणणी त्यानें जी केली ती ह्या विषयाच्या साहित्यांत प्रसिद्ध होऊन बसली आहे.

ह्या पुस्तकाचे दोष स्पष्ट आहेत. लेखक वाक्यागणिक आडवाटेस शिरतो. वाचकास सारें इंग्रजी व फ्रेंच साहित्य मुखोद्गत असावें अशी त्याची अपेक्षा. आणि पुष्कळदां पेल्यांतील पदार्थापेक्षां पंक्तींतील मंडळींचीच अधिक माहिती मिळते. पण त्याचा एक गुण ह्या साऱ्यांस पुरून उरतो. निर्णय कोणाच्या जिभेचा आहे, हें वाचकास क्षणभरहि विसरूं दिलेलें नाहीं. सेंट्सबरी जगाचा न्यायाधीश म्हणून बोलत नाहीं, साक्षीदार म्हणून बोलतो. वाईनच्या बाबतींत ह्याहून प्रामाणिक भूमिका संभवतहि नाहीं. कारण टीकाकारानें वर्णिलेली बाटली त्याच्या वर्णनापूर्वींच संपलेली असते. ग्रंथाच्या टीकेवर रागावलेला वाचक मूळ ग्रंथ उघडून पाहूं शकतो. सेंट्सबरीची १८४६ ची बाटली उघडून त्याचा पडताळा कोणी पाहावा?

तिसरी पद्धति गुणांकांची. रॉबर्ट पार्कर ह्या अमेरिकन वकिलानें १९७८ सालीं एक लहान पत्रिका सुरू केली आणि वाईनला पन्नासापासून शंभरापर्यंत गुण देण्याचा प्रघात पाडला. हें माप त्यानें अमेरिकन शाळांतील परीक्षेवरूनच उचललें होतें. त्याच्या ह्या उपक्रमाच्या मुळाशीं असलेली तक्रार योग्यच होती. तोंवर वाईनवर लिहिणारे बरेचसे लोक वाईन विकणारेहि असत, आणि त्यांच्या स्तुतींतून खरी स्तुति कोणती व जाहिरात कोणती हें सामान्य गिऱ्हाइकास उमगत नसे. पार्करनें जाहिराती नाकारल्या, थोर नांवांची भीड ठेवली नाहीं, आणि नव्वद म्हणजे नव्वद असें कोणासहि समजेल अशा भाषेंत सांगितलें. बोर्दोच्या १८८२ नव्हे, १९८२ सालच्या पिकाची त्यानें मुक्तकंठानें स्तुति केली आणि ती खरी ठरल्यावर त्याचा शब्द म्हणजे बाजाराचा कायदा होऊन बसला. एका आंकड्यानें भाव चढूं लागले, दुसऱ्यानें पडूं लागले. पुढें असाहि आक्षेप आला कीं, वाईन बनविणारे आतां जमिनीकडे न पाहतां पार्करच्या जिभेकडे पाहूं लागले आहेत. जिकडे तिकडे तेवढीच गडद, तेवढीच पिकलेली, ओकच्या वासानें तेवढीच भारलेली वाईन होऊं लागली आहे. अपेक्षित प्रश्नांचीं उत्तरें घोकून गुण मिळविणारा विद्यार्थी ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ह्यांत नवल वाटावयाचें नाहीं. पार्कर २०१९ सालीं निवृत्त झाला. आंकडे मात्र निवृत्त झाले नाहींत.

परंतु मुख्य प्रश्न पुढेंच आहे. ह्या तिन्ही पद्धतींच्या बुडाशीं कांहीं सत्य आहे काय? कीं वाईनची पारख म्हणजे श्रीमंतांचा एक संभावित भ्रम? डेव्हिड ह्यूम ह्या तत्त्वज्ञानें १७५७ सालच्या अभिरुचीवरील निबंधांत नेमकें ह्याच प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं सर्व्हांटिसच्या डॉन किहोटेमधील एक गोष्ट घेतली आहे. एका कुटुंबांतील दोघां नामांकित पारख्यांस एका पिंपांतील वाईन चाखावयास दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याची किंचित् चव येते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची येते. लोक दोघांसहि हंसले. पिंप रिकामें झाल्यावर तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी लोखंडी किल्ली निघाली. ह्यूमचें तात्पर्य असें कीं, रुचि व्यक्तीची असली तरी तिला वस्तूंत आधार असतो. तो सर्वांस दिसत नाहीं म्हणून नाहीं असें होत नाहीं.

दृष्टांत सुंदर आहे. पण विसाव्या शतकांत परीक्षकांचीच परीक्षा घेण्याची रीत पडली आणि पिंपांत दरवेळीं किल्ली सांपडेना. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें स्टीव्हन स्पुरियर ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाईन नांवें झांकून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढें ठेवल्या. तांबड्या वाईनमध्यें पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप १९७३ हिला मिळाला. मूतों-रोथशिल्ड १९७० दुसरी आली व ओ-ब्रियों चौथी. फ्रेंचांनीं म्हटलें, आमची वाईन म्हातारपणीं खुलते, घाई केलीत. तीस वर्षांनीं, २००६ सालीं, त्याच वाईन पुन्हां चाखण्यांत आल्या, तेव्हां पहिल्या पांचहि कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोर्दो येथील फ्रेदेरिक ब्रोशे व त्याचे सहकारी ह्यांनीं वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांस एक पांढरी वाईन दोन पेल्यांत दिली. त्यांपैकीं एका पेल्यांत वास नसलेला तांबडा रंग मिसळला होता. त्या पेल्याचें वर्णन विद्यार्थ्यांनीं तांबड्या वाईनला लावण्याच्या शब्दांत केलें. आणि रॉबर्ट हॉजसन ह्यानें कॅलिफोर्नियांतील एका सरकारी जत्रेच्या स्पर्धेंत परीक्षकांस एकाच बाटलींतील वाईन न सांगतां तीनदां दिली, तेव्हां आपला निर्णय जवळपास कायम ठेवणारे परीक्षक दहांत एखादाच निघाले. हा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्यांवरून सारी पारख थोतांड ठरते असें म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. आम्हांस तें मत उतावीळ वाटतें. ब्रोशेचा प्रयोग नाकाची खोटी साक्ष सिद्ध करीत नाहीं; डोळ्याची साक्ष नाकाच्या साक्षीस वळवूं शकते एवढें सिद्ध करतो. सुंदर अक्षराची उत्तरपत्रिका परीक्षकाकडून दोन गुण अधिक काढून घेते. म्हणून शुद्ध उत्तर व अशुद्ध उत्तर ह्यांत भेदच नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. हॉजसनचा निष्कर्ष अधिक मर्मभेदी आहे. पण तो पारखेवर आघात करीत नसून आंकड्यावर करतो. एका बैठकींत शेंकडों पेले चाखून नव्वद आणि त्र्याण्णव ह्यांत भेद करूं पाहणें म्हणजे हाताच्या वितीनें केस मोजणें होय. पॅरिसचा निकाल तर पारखेच्या बाजूचाच पुरावा आहे. नांव झांकल्याबरोबर त्या नऊ फ्रेंचांनीं नांवाची भीड सोडली आणि परक्या वाईनचा गुण ओळखला. अभिमान दुखावला तो यादीचा.

ह्याच ठिकाणीं शब्दांचाहि विचार केला पाहिजे. वाईनचें वर्णन करणारा मनुष्य जेव्हां काळ्या करंटाचा, व्हायोलेट फुलाचा किंवा सिगारच्या पेटीचा वास येतो म्हणतो, तेव्हां तो वाईनमध्यें तीं द्रव्यें आहेत असें म्हणत नसतो. आपल्या बालपणींच्या परसांतून व स्वयंपाकघरांतून उपमा आणीत असतो. इंग्रजी पुस्तकें वाचून आमच्याकडील तरुण तेच शब्द उच्चारूं लागले आहेत. ज्यांनीं काळें करंट कधीं पाहिलें नाहीं त्यांच्या तोंडीं ती उपमा उष्टी होय. नाशिकाकडे आतां काबर्नेची लागवड होते व वाईन बनते. तिच्याविषयीं कोणास लिहावयाचेंच असेल, तर जांभूळ, करवंद, कात, भाजलेली सुपारी, पहिल्या पावसाची माती हे शब्द आमच्याजवळ आहेत. उपमा अनुभवाची असेल तरच ती दुसऱ्याच्या अनुभवास जागें करते. हा नियम काव्यास लागू, टीकेस लागू, आणि पेल्यासहि लागू.

आतां संग्रहाविषयीं. उत्तम वाईन जतन करून ठेवणें ही मुळांत धीराची व औदार्याची गोष्ट आहे. मुलाच्या जन्मसालची वाईन तळघरांत ठेवावी आणि तो जाणता झाल्यावर इष्टमित्रांसह उघडावी, ह्यांत झाड लावणाऱ्याची वृत्ति आहे. परंतु बोर्दोचें पीक पिंपांत असतांनाच, सुगीनंतरच्या वसंतांत चाखून विकण्याची पद्धति रूढ झाली, आणि आंकडा लागलेली बाटली ही हुंडीसारखी हातोहात फिरूं लागली. २०१८ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत बर्गंडींतील रोमाने-कोंती मळ्याची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरांस विकली गेली. तो मळा दोन हेक्टरांहूनहि लहान, आणि त्या सालीं अवघ्या सुमारें सहाशें बाटल्या झाल्या होत्या. दुर्मिळता खरी आहे. पण इतक्या किंमतीची बाटली कोण उघडणार? आणि जी उघडावयाचीच नाहीं, तिच्या आंत काय आहे ह्याची चौकशी कोण करणार?

लबाडास हीच संधि हवी होती. डिसेंबर १९८५ मध्यें लंडनच्या लिलांवांत १७८७ सालची लाफित म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांस गेली. तिच्या कांचेवर जेफर्सनचीं आद्याक्षरें कोरलेलीं होतीं. पॅरिसच्या एका भिंत घालून बुजविलेल्या तळघरांत अशा बाटल्या सांपडल्या, असें हार्डी रोडेनस्टॉक हा जर्मन संग्राहक सांगे. तळघराचा पत्ता मात्र त्यानें कधींहि दिला नाहीं. पुढें त्या जातीच्या बाटल्या विकत घेतलेल्या एका अमेरिकन धनिकानें तपास करविला, तेव्हां तीं अक्षरें विजेवर चालणाऱ्या हत्यारानें कोरलीं असावींत असें तज्ज्ञांनीं मत दिलें. रोडेनस्टॉकनें आरोप नाकारले. पण बाटल्यांवरचा विश्वास गेला तो गेलाच. रुडी कुर्नियावान ह्याचें प्रकरण तर कोर्टांत शाबीत झालें. कॅलिफोर्नियांतील आपल्या घरीं निरनिराळ्या वाईन मिसळून, जुन्या बाटल्यांवर नवीं बनविलेलीं लेबलें चिकटवून त्यानें थोर थोर संग्राहकांस फसविलें. डिसेंबर २०१३ मध्यें तो दोषी ठरला आणि २०१४ सालीं त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली.

ह्या प्रकरणांतील मर्माची गोष्ट अशी. त्याच्या बाटल्या अनेक नामवंत जिभांखालून गेल्या आणि वाखाणल्या गेल्या. लबाडी उघडकीस येण्यास कारण झाला तो बर्गंडींतील एक मळेवाला, लोरां पोंसो. २००८ सालीं न्यूयॉर्कच्या एका लिलांवाच्या यादींत त्याच्या घराण्याच्या क्लो सें-दनी ह्या वाईनच्या १९४५ ते १९७१ ह्या सालांच्या बाटल्या जाहीर झाल्या. पोंसोस ठाऊक होतें कीं, आमच्या घरानें ती वाईन करावयास आरंभच १९८० नंतर केला. तो अटलांटिक ओलांडून लिलांवाच्या जागीं गेला आणि त्या बाटल्या मागें घेणें भाग पडलें. ह्यूमच्या पिंपांतील किल्ली येथें सांपडली. पण ती जिभेस नव्हे, इतिहासास सांपडली. ज्यांस नुसती चव कळत होती ते फसले; ज्यास वस्तूचें कूळ व कर्म ठाऊक होतें त्यास झांकणहि उघडावें लागलें नाहीं. पाठशुद्धि, कालनिर्णय, हस्तलिखितांची छाननी ह्यांस रूक्ष म्हणून हिणवणाऱ्या आमच्या रसिक टीकाकारांनीं ह्यावरून काय घ्यावयाचें तें घ्यावें.

आणि आंकड्यांचा व हुंड्यांचा हा बाजार ज्यांच्या नांवावर चालतो त्यांची स्थिति काय आहे? फ्रान्समध्यें १९६० च्या सुमारास दरडोई वर्षाकांठीं शंभर लिटरांहून अधिक वाईन खपे. आज त्याच्या निम्मीहि खपत नाहीं. यादींतील मूठभर वाडे संपन्न आहेत. पण बोर्दोचा साधा शेतकरी, ज्याच्या वाईनला ना प्रत ना गुणांक, तो माल उठत नाहीं म्हणून हताश झाला आहे. २०२३ सालीं सुमारें ९,५०० हेक्टरांवरील द्राक्षवेली उपटून टाकण्यासाठीं मोबदला देण्याची योजना तेथें ठरली. ह्याचें कारण केवळ टीकाकार आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. लोकांच्या संवयी पालटल्या आहेत, परदेशची मागणी घटली आहे. मद्य कमी खपतें ह्याचें दुःखहि आम्हांस नाहीं. परंतु जेथें शंभरापैकीं शंभर मिळविणाऱ्यांचीच गणना होते, तेथें साठ गुणांच्या प्रामाणिक वस्तूस कोणी विचारीत नाहीं, हा अनुभव शाळेंतून, साहित्यांतून आणि मळ्यांतून सारखाच येतो. एखाद्या भाषेचें वाङ्मय दहा महाकवींवर जगत नाहीं. रोज वाचल्या जाणाऱ्या शेंकडों साध्या, निर्मळ पुस्तकांवर जगतें.

मग खरा गुणग्राहक कोणता? आमच्या मतें त्याचीं लक्षणें तीन आहेत. तो नांव झांकून चाखण्यास भीत नाहीं. पण नांवामागचा इतिहास जाणून घेण्याचा आळसहि करीत नाहीं. तो निर्णय देतो तो आपल्या अनुभवाच्या शब्दांत, आणि त्या शब्दांखालीं आपली सही असते. आंकड्याच्या आड तो लपत नाहीं. आणि तिसरें, तो संग्रह करतो तो उघडण्यासाठीं. कपाटांत कुलुपबंद ठेवलेला ग्रंथ निदान पुढच्या पिढीस वाचतां येतो. बाटलीस तेवढीहि सवलत नाहीं. वेळेवर न उघडलेली वाईन, तिचा गुणांक कितीहि असो, अखेर शिरका होते. ज्यांस वाईनशीं कर्तव्य नाहीं त्या वाचकांनींहि हें एवढें वाक्य आपल्या पुस्तकांच्या कपाटास लावून पाहावें, इतकीच विनंति करून हें परीक्षण पुरें करतों.